हँडल उंच करण्याच्या नावाखाली 6,430 रुपये लुबाडले. रायझर बसवण्याआधी वाचा

मनगटं आणि पाठ दुखते म्हणून बाइकला रायझर (हँडल वर उचलणारे ठोकळे) बसवणार असाल, तर सावध व्हा. संभाजीनगरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानाने माझ्याकडून 6,430 रुपये घेतले. 30 मिमीचं रायझर किट 3,400, लांब डिस्क ब्रेक पाइप 1,650, क्लच आणि एक्सलेटरच्या लांब वायरी 780, मजुरी 600. यातला पाइप आणि वायरी गाडीला लागल्याच नाहीत!

काम झाल्यावर जुने पार्ट मागितले. कागदात गुंडाळलेले चार बोल्ट हातात ठेवले. पाइप? "भंगारात टाकला." वायरी? "त्याही." इथेच पकडायला हवं होतं. चार बोल्ट जपून ठेवणारा माणूस अख्खा पाइप लगेच भंगारात टाकेल? जुना पाइप गाडीलाच होता, देणार कुठून? अजूनही आठवलं की डोकं तापतं. पण बिलावर वेगळी ओळ लिहून पैसे घेतल्यावर हेडलाइटच्या मागे बॅटरी मारून कोण बघतं? पाइप खरंच बदलला असेल तर दोन्ही टोकांच्या बँजो बोल्टला (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) नवे वॉशर दिसतात आणि डबीतलं ब्रेकचं डॉट 4 ऑइल ताजं, स्वच्छ असतं. माझ्या डबीतलं ऑइल तपकिरी होतं.

चोरी उघडी पडली ती हँडल पूर्ण वळवल्यावर. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, आयडलिंगला ठेवून हँडल डावीकडच्या लॉकपासून उजवीकडच्या लॉकपर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर एक्सलेटरची वायर ताणली जातेय. क्लचचा फ्री प्ले (लिव्हरची मोकळी चाल) दोन्ही टोकांना सारखा राहिला पाहिजे आणि ब्रेक पाइपला थोडी ढील हवी. माझ्या गाडीला फक्त प्लास्टिकचे टाय कापून जुनाच पाइप आणि जुन्याच वायरी वर ओढल्या होत्या. कन्नडच्या घाटात वळणावर रेस आपोआप वाढली असती तर? पैसे बुडाले ते वेगळंच, हा जिवाशी खेळ आहे.

बोल्टची लबाडी तर याहून वाईट. रायझर 30 मिमीचा, तर बोल्टही 30 मिमीने लांब हवेत. त्यांनी 20 मिमीनेच लांब टाकले. आधी टीमध्ये (हँडल ज्यावर बोल्टने बसतं तो ॲल्युमिनियमचा भाग) 18 मिमी आटे धरत होते, आता 8 मिमी. एम8 (8 मिमी जाडीच्या) बोल्टला ॲल्युमिनियममध्ये किमान 12 मिमी पकड हवीच. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा 8.8 चा शिक्काही नव्हता. खोलताना दोन बोल्टांबरोबर टीचे आटेच भुशासारखे बाहेर आले. हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) 700, चार चांगले बोल्ट 160, खरा पाइप 1,450. म्हणजे आणखी 2,310, एकूण 8,740.

पोलीस ठाण्यात आधी "साहेब बंदोबस्तात आहेत", मग "हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगात जा". न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही? मग भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? अर्ज घ्यायला तयार नाहीत, पोच मागितली तर वर आवाज चढवतात. बँक म्हणते, यूपीआयने पैसे तुम्हीच पाठवलेत. परिवहन कार्यालयात तर "गाडीत बदल केलाच कशाला" म्हणून मलाच झापलं. आरसी बुकात हँडलची उंची कुठे लिहिलेली असते? तिन्ही ठिकाणी एकानेही बिल नीट वाचलं नाही.

बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर पैसे देऊ नका. माझ्या कागदावर नुसतं "एस्टिमेट" लिहिलं होतं. पैसे दुकानाच्या खात्यावर द्या, मालकाच्या मोबाइल नंबरवर नको. काम डोळ्यांसमोर करून घ्या, जुने पार्ट आधी ताब्यात घ्या.

आणि रायझर घेण्याआधी क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडं मागे फिरवून बघा, लिव्हरचा कोन कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ राहील असा करा. पुष्कळांचं दुखणं एवढ्यानेच कमी होतं, खर्च शून्य. पुन्हा आवळताना टॉर्क पाना वापरा आणि आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. क्लिप-ऑन हँडलला (पुढच्या फोर्कला थेट आवळलेले दोन सुटे दांडे) हे रायझर बसतच नाहीत, कुणी बसवतो म्हणाला तर तिथून निघा.

1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. दुकानाला नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. माझी "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आली. असं पाकीट फोडू नका, आयोगात तसंच बंद दाखल करा.