नेपरव्हिलमध्ये घर घेताना: डिस्ट्रिक्ट २०३ की २०४?

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये घर शोधायला लागलं की मराठी कुटुंबांच्या बोलण्यात दोन आकडे हटकून येतात: २०३ आणि २०४. दोन्ही सरकारी शाळांचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे ठरावीक भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था आहेत, दोन्ही चांगले आहेत आणि दोन्हींत नेपरव्हिलची मुलं शिकतात. गावाची हद्द वेगळी, डिस्ट्रिक्टची वेगळी. त्यामुळे घराचा पत्ता नेपरव्हिलचा आणि मुलीचं हायस्कूल ऑरोरात, असं इथे सर्रास असतं. लोक रेटिंगच्या साइट उघडून आठ की नऊ यावर वाद घालतात. माझ्या मते त्या आकड्यांवरून या दोघांत निवड करूच नये. हे डिस्ट्रिक्ट वाढले कसे आणि तिथले निर्णय कोण घेतं, हे पाहून करावी.

आधी दोघांत सारखं काय ते सांगतो. इलिनॉयमध्ये डिस्ट्रिक्ट तीन प्रकारचे असतात: फक्त प्राथमिक, फक्त हायस्कूल आणि बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळं एका छत्राखाली आणणारा ‘युनिट’. २०३ आणि २०४ दोन्ही युनिट. याचं मोल शेजारच्या डाउनर्स ग्रोव्हकडे पाहिलं की कळतं. तिथे आठवीपर्यंत एक बोर्ड (डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणारं, लोकांनी निवडलेलं मंडळ) आणि नववीपासून दुसरं. अभ्यासक्रमाचा सांधा जुळवायचा तर दोन बोर्डांचं एकमत व्हावं लागतं, आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर रकमाही दोन. नेपरव्हिलमध्ये ती कटकट नाही.

दोघांचा आजचा आकार १९७२ सालचा. २०३ म्हणजे जुनं नेपरव्हिल. तिथे प्राथमिक शाळा आणि हायस्कूल यांचे वेगवेगळे डिस्ट्रिक्ट होते, ते एक झाले. २०४ म्हणजेच इंडियन प्रेअरी. हा पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शेतीच्या पट्ट्यातले छोटे ग्रामीण डिस्ट्रिक्ट जोडून बनला. १९७५ साली २०३ मध्ये नेपरव्हिल नॉर्थ आणि २०४ मध्ये वॉबॉन्सी व्हॅली अशी दोन हायस्कुलं उघडली. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्यानंतर.

२०३ ची हायस्कुलं तेव्हाही दोन होती, आजही दोनच आहेत: सेंट्रल आणि नॉर्थ. बेल लॅब्स, अमोको यांसारख्या कंपन्यांच्या संशोधन केंद्रांमुळे इंजिनियर आणि शास्त्रज्ञांची वस्ती या भागात आधीच आली होती. डिस्ट्रिक्ट तिच्याबरोबर बेताने वाढला आणि मग स्थिरावला. आज तिथे सुमारे १६ हजार विद्यार्थी आहेत. नवी हायस्कुलं उभारण्यापेक्षा असलेली नीट ठेवण्याकडे त्यांचा कल राहिला. सेंट्रलच्या मोठ्या नूतनीकरणाला मतदारांनी २००८ मध्ये मंजुरी दिली. अभ्यासाच्या बाबतीत सांगायचं तर १९९९ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत हा डिस्ट्रिक्ट एखाद्या देशासारखा स्वतंत्रपणे उतरला होता, आणि आठवीच्या विज्ञानात त्याची सरासरी ५८४ आली. त्या वर्षी देशांमध्ये पहिल्या आलेल्या तैवानची होती ५६९. त्याच सुमारास मॅडिसन ज्युनियर हायचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक फिल लॉलर यांनी पीटीचा तास पार बदलून टाकला. कोण आधी पोचलं याला गुण नाहीत. प्रत्येकाच्या हृदयाचे ठोके मोजायचे आणि त्याने स्वतः किती कष्ट घेतले ते पाहायचं. पुढे सेंट्रलमध्ये वाचनात किंवा गणितात मागे पडणाऱ्या मुलांसाठी पहिल्या तासाआधी व्यायाम सुरू झाला. एका शिक्षकाची कल्पना पूर्ण डिस्ट्रिक्टमध्ये रुजते, हे मला चाचणीच्या गुणांपेक्षा मोठं वाटतं. त्यासाठी पाठीशी उभं राहणारं प्रशासन लागतं.

२०४ ची गोष्ट धावपळीची आहे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांवर घरांच्या वसाहती उठल्या. १९९७ मध्ये न्यूका व्हॅली उघडलं आणि तेही भरलं. तिसरं हायस्कूल हवं म्हणून २००५ मध्ये मतदारांकडे गेले. मतदार नाही म्हणाले. २००६ मध्ये पुन्हा गेले आणि सुमारे १२ कोटी ४७ लाख डॉलरचे रोखे मंजूर झाले. शाळा ७५व्या स्ट्रीटजवळच्या ब्राख-ब्रोडी नावाच्या जागेवर होणार, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. पण जमीन संपादनाचा खटला उभा राहिला आणि २००७ मध्ये ज्युरीने एकरी भाव ठरवला ५ लाख १८ हजार २५० डॉलर. डिस्ट्रिक्टने धरलेल्या भावाच्या तो जवळपास दुप्पट होता. बोर्डाने ती जागा सोडली आणि उत्तरेला ऑरोरात इओला रोडवरची जागा घेतली.

जागा हलली तशा शाळांच्या हद्दीही नव्याने आखाव्या लागल्या. अमुक हायस्कूल मिळेल म्हणून घर घेतलेल्या कुटुंबांना दुसरंच नाव कळलं. मतदान एका जागेसाठी झालं होतं, असं म्हणत पालकांचा एक गट कोर्टात गेला. कोर्टाने बोर्डाला अडवलं नाही आणि २००९ मध्ये मीटिया व्हॅली उघडलं. आज ते उत्तम हायस्कूल आहे आणि त्या भांडणाचा मागमूसही तिथल्या मुलांना नाही. तरी घर घेणाऱ्याने हा इतिहास वाचलाच पाहिजे. घराच्या कागदावर शाळेचं नाव नसतं. कोणत्या गल्लीतलं मूल कुठे जाईल हे बोर्ड ठरवतं, आणि कायद्याने तो अधिकार त्याचाच आहे.

ही बोर्डं दोन्हीकडे सात-सात जणांची असतात. सदस्यांना पगार नाही, मुदत चार वर्षांची, निवडणूक विषम वर्षांच्या एप्रिलमध्ये. तेव्हा मतदान फार कमी होतं, त्यामुळे थोड्या मतांवर बोर्डाचा तोंडवळा बदलू शकतो. आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं असं की मत द्यायला आणि उभं राहायला अमेरिकी नागरिकत्व लागतं. एच-वन किंवा ग्रीन कार्डवरची कुटुंबं टॅक्स पूर्ण भरतात, मत देऊ शकत नाहीत. पण बोर्डाच्या बैठका खुल्या असतात आणि तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. हद्दी बदलायच्या चर्चेत नकाशा घेऊन येणारे पालक ऐकले जातात. मराठी पालकांनी तिथे जायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

पैशांबाबत दोघांची स्थिती मिळतीजुळती. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातला सर्वांत मोठा वाटा शाळेचा. १९९१ च्या राज्य कायद्यानुसार इथल्या काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांत) डिस्ट्रिक्ट दरवर्षी महागाईइतकी किंवा पाच टक्के, यातली कमी असेल तेवढीच टॅक्सवाढ मागू शकतो; नवी बांधकामं त्यात धरत नाहीत. त्यापुढे जायचं तर मतदारांकडे जावं लागतं. २०४ ने नोव्हेंबर २०२४ मध्ये ४२ कोटी डॉलरचे रोखे मंजूर करून घेतले, म्हणजे जुन्या इमारतींच्या कामांसाठी तिथे आता मोठी तरतूद आहे. २०३ च्या इमारती त्याहून जुन्या, तेव्हा तिथे घर बघताना बोर्डाचा इमारतींबाबतचा पुढचा बेत जरूर विचारा.

आता निवड. मूल सहावी-सातवीत असेल आणि पुढची पाच-सहा वर्षं काही हलायला नको असेल, तर मी २०३ म्हणेन. घरं जुनी आणि आवार लहान, पण डाउनटाउन आणि नेपरव्हिलचं रेल्वे स्टेशन जवळ. मूल अजून लहान असेल, नवं आणि मोठं घर हवं असेल आणि वर्गात भारतीय मुलं जास्त हवी असतील, तर २०४. तिथे आशियाई वंशाच्या मुलांचं प्रमाण २०३ पेक्षा ठळकपणे जास्त आहे आणि रूट ५९ स्टेशन हाताशी. मात्र चुरसही तिथे जास्त जाणवते. मूल शांत स्वभावाचं असेल तर न्यूकासारख्या अवाढव्य हायस्कूलमध्ये एकदा त्याला घेऊन फिरून या. गणित-विज्ञानाचं खरं वेड असलेल्या मुलांसाठी ऑरोरातली इम्सा ही राज्याची निवासी शाळा दहावीपासून दोन्हींकडच्या मुलांना सारखीच खुली आहे, म्हणून त्या कारणावरून डिस्ट्रिक्ट ठरवू नका.

ऑफर देण्याआधी दोन कामं करा. एजंटच्या जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबू नका; डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून त्या घराच्या पत्त्यावर प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल अशा तिन्ही शाळा कोणत्या ते विचारा. आणि बोर्डाच्या गेल्या वर्षभराच्या बैठकांच्या नोंदी चाळा. हद्दी, पटसंख्या किंवा शाळा बंद करणं यांपैकी काही पुन्हापुन्हा येत असेल, तर त्या भागातलं घर घेण्याआधी थांबा आणि बोर्ड काय ठरवतं ते पाहा.