मरिना सिटी, शिकागो : आठ महिने भाड्याने राहिल्यानंतर

आधी विजेचं बोलू, कारण इथे घर घ्यायचं की नाही हे तिच्यावरच ठरतं. नदीकाठच्या या दोन गोल टॉवरांत (शिकागोकर त्यांना मक्याची कणसं म्हणतात) घरांना गॅस नाही आणि मध्यवर्ती हीटिंगही नाही. खोली तापवणं, गार करणं, आंघोळीचं पाणी, स्वयंपाक, सगळं त्या त्या घरातल्या विजेच्या उपकरणांवर चालतं आणि बिल राहणाऱ्याच्या नावावर येतं. १५०० वॉटचा एक हीटर दिवसाला दहा तास चालला की १५ युनिट, महिन्याचे ४५०. त्यात पाण्याचा हीटर वेगळा. म्हणून मालकाकडे नुसतं भाडं विचारू नका, मागच्या जानेवारीचं वीजबिल दाखवायला सांगा.

१९७७ पासून इथली घरं स्वतंत्र मालकीची आहेत. त्यामुळे एकाच मजल्यावर एका घरात नवं हीटिंग यंत्र आणि शेजारच्या घरात जुनाट, असं असू शकतं. बघायला जाल तेव्हा बाल्कनीच्या दाराच्या फटीला ओला हात लावून बघा. बाहेरची भिंत म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत काचच, आणि थंडी तिथूनच शिरते. फटीला फोमची पट्टी आणि काचेवर हेअर ड्रायरने ताणून बसवायचं प्लास्टिक, या दोन स्वस्त उपायांनी बराच फरक पडतो. मात्र दारावर प्लास्टिक लावलं की वसंतापर्यंत बाल्कनी बंद.

बाल्कनी बंद राहिली तर चुटपुट लागते, कारण तीच इथली खरी चैन आहे. अर्धगोल, सुमारे १७५ चौरस फूट. डाउनटाउनमध्ये एवढी मोकळी जागा सहसा मिळत नाही. हलक्या खुर्च्या आणि रिकाम्या कुंड्या वाऱ्याच्या दिवशी आत घ्याव्यात.

आता आकार. मधल्या गोल गाभ्याभोवती प्रत्येक मजल्याच्या १६ पाचरी आहेत, म्हणजे एकेक पाचर साडेबावीस अंशांची. स्टुडिओला एक पाचर, एका बेडरूमला दीड, दोन बेडरूमला अडीच. स्वयंपाकघर आणि बाथरूम आतल्या निमुळत्या टोकाला, बैठक रुंद बाजूला. काटकोन जवळजवळ नाहीतच. कपाट एका भिंतीला चिकटवलं की समोरच्या भिंतीला ते तिरकं दिसतं, आणि मोठ्या सोफ्यामागे त्रिकोणी फट उरते. वर्तमानपत्रं चिकटवून फर्निचरच्या मापाचा तळ कापा, जमिनीवर ठेवून बघा, मगच खरेदी करा. सुट्या तुकड्यांचं, पायांवरचं, कमी खोलीचं फर्निचर चांगलं बसतं. एल आकाराच्या सोफ्याच्या नादी लागू नका.

स्वयंपाकघर गाभ्याकडे असल्यामुळे त्याला खिडकी नाही. मिरचीची फोडणी दिली की ठसका आधी घरभर आणि मग गोल कॉरिडॉरभर. बाल्कनीचं दार वीतभर उघडून मगच तेल तापवावं. तवा सपाट बुडाचाच हवा, खोलगट तव्याची पोळी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. कॉइलची शेगडी असेल तर फुलके जाळीवर फुगतात. कॉइल बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, तेव्हा दूध वर येण्याची वाट न पाहता आधीच उचलून बाजूला ठेवा.

खालचे १९ मजले म्हणजे गोल चढत जाणारं उघडं पार्किंग. गाडी व्हॅलेट लावतो आणि आणूनही देतो, म्हणून ऑफिसच्या वेळेला थोडं आधी कळवावं. बाजू उघड्या असल्याने कडाक्याच्या थंडीत गाडी चक्क बाहेरच उभी असते. जुनी बॅटरी नोव्हेंबरातच बदलून घ्या.

विसाव्या मजल्यावर सामायिक लाँड्री. कपडे फिरेपर्यंत समोर लूपचे, म्हणजे शिकागोच्या मध्यवर्ती व्यापारी भागातले, मनोरे बघत बसावं, कंटाळा येत नाही. घरं २१ ते ६० आणि त्यावर मोकळी गच्ची. गोल्डबर्ग या वास्तुविशारदाने १९६० च्या दशकात शहराच्या पोटात शहर म्हणून हे बांधलं, आणि पैसा घातला तो इमारतींत झाडलोट करणाऱ्यांच्या आणि लिफ्ट चालवणाऱ्यांच्या युनियनने! घर, हॉटेल, रेस्टॉरंट, बोटी हे सगळं आजही एकाच आवारात आहे. त्याची किंमत आवाजात मोजावी लागते. जुन्या थिएटरच्या जागी आता संगीताचा हॉल आहे, आणि उन्हाळ्यात नदीवरच्या बोटींचे भोंगे वरपर्यंत ऐकू येतात. झोप सावध असेल तर घर शुक्रवारी रात्री अकरानंतर बघायला जा, दार लावून पाच मिनिटं गप्प बसा.