हात बसलेला एडिटर सोडायचा, की अपडेट थोपवायचं?

गेल्या पावसाळ्यात, डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी महापेच्या आमच्या ऑफिसात घडलेला प्रसंग. बावीस वर्षं कोड लिहिणाऱ्या आमच्या मॅडमनी दुपारभराचं काम कमिट करायला (म्हणजे बदल कायमचे नोंदवायला) क्लिक केलं. माउस रोजच्याच जागी गेला. पण सकाळी एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आपोआप अपडेट झाला होता आणि त्या जागी आता बदल रद्द करणारा वळलेल्या बाणाचा आयकॉन आला होता. खात्री विचारणारी खिडकी आली. ती नेहमीचीच असणार असं समजून त्यांनी एंटर दाबलं आणि चार तासांचं काम गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, बटण काल इथंच होतं ना?" रात्री साडेदहापर्यंत बसून आम्ही दोघांनी ते पुन्हा लिहून काढलं आणि घणसोलीहून उशिराची ठाणे लोकल पकडली.

त्यानंतर टीममध्ये गंभीरपणे बोलणं झालं, की एडिटर बदलायचा का आणि बदलायचा तर कुठला घ्यायचा. तीन महिने आम्ही चार-पाच पर्याय रोजच्या कामात वापरून पाहिले. तुम्हीही याच पेचात असाल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. आज कोण छान दिसतं यावरून निवड करू नका, कारण ते दिसणं दोन वर्षांत बदलणार आहे. विचारायचं ते हे: बदल कधी येणार हे कोण ठरवतं, तुम्ही की तुमच्या वतीनं दुसरं कुणी? आणि नको असलेला बदल मागे घेता येतो का?

व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा एडिटर) आणि जेटब्रेन्स कंपनीचे एडिटर यांची तुलना इथूनच सुरू होते. व्हीएस कोडची 1.0 आवृत्ती एप्रिल 2016 मध्ये आली आणि पुढे वर्षानुवर्षं दर महिन्याला नवी आवृत्ती येत राहिली. मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर ती आपोआप उतरते आणि पुढच्या वेळी एडिटर उघडला की लागू होते. म्हणजे वर्षातून निदान बाराएक वेळा काहीतरी हलण्याची शक्यता. कधी वरच्या पट्टीत शोधाची चौकट येते, कधी बाजूला चॅटचा कप्पा उघडलेला दिसतो. पण यातलं बरंचसं परत फिरवता येतं. 'अपडेट मोड' नावाच्या सेटिंगला 'मॅन्युअल' केलं की तुम्ही सांगाल तेव्हाच अपडेट येतं. डावीकडची आयकॉनची पट्टी वर, खाली नेता येते किंवा लपवता येते, वरची शोधाची चौकट बंद करता येते. ही सगळी सेटिंग्ज एका साध्या मजकुराच्या (जेसॉन) फाइलमध्ये असल्यामुळे ती फाइल सांभाळली की नव्या मशिनवर दहा मिनिटांत आपलं घर लागतं. एक्स्टेन्शनचं (एडिटरला जोडायच्या पुरवण्यांचं) आपोआप अपडेट होणं मात्र वेगळ्या सेटिंगनं बंद करावं लागतं. बरेच जण तिथं चुकतात.

अपडेट कधी घ्यायचं हे आपल्या हातात का हवं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण दिसण्याच्या बदलाचं नाहीच. जानेवारी 2024 ची 1.86 आवृत्ती आली तेव्हा दूरच्या लिनक्स सर्व्हरवर काम करण्यासाठी तिथं जीलिबसी (लिनक्सवरचे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) 2.28 किंवा त्यापुढची असणं सक्तीचं झालं. लिनक्सच्या जुन्या प्रकारांपैकी सेंटओएस 7 वर 2.17 असते, उबंटू 18.04 वर 2.27. जगभरातल्या लोकांना एका सकाळी आपल्याच सर्व्हरवर जाता येईना. ओरड झाल्यावर लगेच 1.86.1 मध्ये वर्षभराची सवलत दिली गेली आणि मार्च 2025 च्या 1.99 पासून ती संपली. ज्यांचं अपडेट हातानं होणारं होतं, त्यांनी ही बातमी वाचली आणि सवडीनं निर्णय घेतला. तुमच्या ग्राहकाकडे जुने सर्व्हर असतील (बँकांच्या आणि कारखान्यांच्या कामात ते असतातच) तर तुमच्या निवडीत या मुद्द्याला सर्वांत जास्त वजन द्या.

जेटब्रेन्सची, म्हणजे इंटेलिजे (जावासाठी), पायचार्म (पायथनसाठी) वगैरेंची चाल वेगळी. मोठ्या आवृत्त्या वर्षाला तीन, आणि घ्यायची की नाही ते तुमच्या हातात. फक्त त्यांचं टूलबॉक्स ॲप वापरत असाल तर त्यातलं आपोआप अपडेट बंद आहे ना ते पाहून घ्या. मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे 2024.1 आणि 2024.3 शेजारी-शेजारी राहू शकतात आणि प्रत्येकाचं सेटिंगचं फोल्डर वेगळं असतं. नवं आठवडाभर वापरून बघायचं आणि नाही पटलं तर जुनं उघडायचं. जुनं जसंच्या तसं असतं.

पण तिथं बदल येतो तेव्हा मोठा येतो. नव्या रूपाची चाहूल 2022 मध्ये लागली आणि 2024.2 पासून ते सगळ्यांसाठी मूळ रूप झालं. कडेच्या पट्ट्यांवरची नावं गेली, त्या जागी नुसते आयकॉन आले. जुनं रूप आता वेगळ्या प्लगिनमध्ये (वरून जोडायच्या पुरवणीत) मिळतं. प्लगिनवर भिस्त ठेवायची म्हणजे प्रत्येक नव्या आवृत्तीआधी ते चालतं का हे तपासणं आलं. पैशाच्या बाजूनं त्यांची एक सोय मात्र मोलाची आहे. सलग बारा महिने वर्गणी भरली की ठरावीक आवृत्ती कायमची वापरायचा हक्क मिळतो, पुढे वर्गणी थांबवली तरी. 2015 मध्ये ते वर्गणीवर गेले तेव्हा वापरणाऱ्यांनी जोरदार विरोध केला, त्यातून हा हक्क पदरात पडला. तक्रार करून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. अचानक लादलेल्या बदलाचं दुसरं उदाहरण व्हिज्युअल स्टुडिओ 2012 चं (मायक्रोसॉफ्टचाच, पण व्हीएस कोडहून वेगळा). सगळे मेनू अचानक कॅपिटल अक्षरांत आले होते. तिथं निदान विंडोजच्या रजिस्ट्रीतली एक नोंद बदलून ते घालवता येत होतं.

जावाचं मोठं काम असेल तर जेटब्रेन्स घ्या. वेब, पायथन आणि थोडं थोडं सगळंच करत असाल तर व्हीएस कोड घ्या आणि पहिल्याच दिवशी अपडेट मॅन्युअल करा. एक्लिप्सवर (जावाचा जुना एडिटर) हात बसला असेल तर केवळ जुनाट दिसतं म्हणून सोडू नका. झिप उघडायची, फोल्डर ठेवायचं, झालं; जुनी आवृत्ती त्या फोल्डरमध्ये सुखानं राहते.

आता टर्मिनलवाले, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत कळांवर चालणारे एडिटर. व्हीआय 1976 मधलं, व्हिम 1991 मधलं. तेव्हा 'डीडी' दाबलं की ओळ जायची, आजही जाते. व्हिम घडवणारे ब्रॅम मूलेनार 3 ऑगस्ट 2023 रोजी गेले. इतरांनी काम पुढे नेलं, जानेवारी 2024 ची 9.1 आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केली आणि डीडी तसंच राहिलं. रबाळे-महापे पट्ट्यातल्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर रात्री दोन वाजता जावं लागलं तरी तिथं व्हीआय सहसा असतंच. याचं मोल त्या वेळीच कळतं.

इथंही काहीच बदलत नाही असं नाही. व्हिम 8.0 मध्ये, म्हणजे 2016 साली, स्वतःची सेटिंगची फाइल नसलेल्यांसाठी माउस आपोआप चालू होऊ लागला आणि पुटीमध्ये (विंडोजवरून सर्व्हरवर जायच्या प्रोग्राममध्ये) मजकूर निवडून कॉपी करण्याची जुनी सवय मोडली. निओव्हिमच्या (व्हिमच्याच नव्या अवताराच्या) मे 2024 च्या 0.10 मध्ये मूळ रंगसंगतीच बदलली. पण दोन्हींवर एका ओळीचा उपाय आहे, आणि ती ओळ तुमच्या फाइलमध्ये एकदा लिहिली की कायमची. ईमॅक्स या असल्याच जुन्या एडिटरवाले तर यात आदर्श आहेत. कंट्रोल-एच आणि मग एन दाबलं की काय बदललं त्याची यादी समोर येते आणि जुनं वागणं परत हवं असेल तर काय लिहायचं, हेही पुष्कळदा तिथंच दिलेलं असतं. वापरणाऱ्याच्या सवयीचा मान कसा राखावा, ते मी तिथं पाहिलं.

किंमत चुकवावी लागते ती शिकण्यात. व्हिमवर माझा हात बसायला तीन आठवडे लागले आणि त्या काळात कामाचा वेग निम्म्यावर आला होता. ईमॅक्सला त्याहून जास्त वेळ द्यावा लागेल. डिलिव्हरी तोंडावर असताना यात पडू नका.

सब्लाइम टेक्स्ट या दोन्ही टोकांच्या मधे बसतं. हलकं आहे आणि त्याच्या आवृत्त्या सावकाश येतात. वैयक्तिक लायसन्स 99 डॉलर, त्यात तीन वर्षांची अपडेट्स, आणि त्या मुदतीतली आवृत्ती पुढेही वापरता येते. मोठ्या प्रोजेक्टमध्ये डीबगिंगला (कोडमधल्या चुका शोधायला) ते अपुरं पडतं, म्हणून आमच्याकडे टिकलं नाही. एकट्यानं छोटी कामं करणाऱ्याला मी ते नक्की सुचवेन.

शिवाय एक मधला रस्ता आहे, आणि आमच्या टीमला खरा आधार त्याचाच झाला. जागा बदलतात त्या बटणांच्या. कीबोर्डच्या कळा सहसा तिथंच राहतात. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून आज्ञेचं नाव टाइप करायचं, इंटेलिजेमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए. पट्ट्या इकडच्या तिकडे झाल्या तरी या दोन खिडक्यांतून सगळं सापडतं. दोन्हींत व्हिमच्या कळा आणणारी प्लगिन आहेत. मॅडमनी पंधरा दिवस ठरवून माउस बाजूला ठेवला आणि आता कमिट कळेनंच करतात.

ऐरोलीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत असाल तर बहुतेक गोष्टी आयटी विभागाच्या हातात असतात. तरी विचारा. व्हीएस कोडचं अपडेट कसं व्हावं हे त्यांना पॉलिसीतून सगळ्या मशिनवर ठरवता येतं. 'अपडेट बंद करा' म्हटलंत तर ते ऐकणार नाहीत. 'महिन्यातून ठरलेल्या दिवशी करा' म्हटलंत तर ऐकतील. सुरक्षेच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं अडवून ठेवणं धोक्याचंच आहे, विशेषतः अनोळखी कोड उघडून बघणाऱ्यांना, त्यामुळे त्यांचा आग्रहही रास्त असतो.

आमच्याकडे शेवटी असं ठरलं. जावाच्या तिघांना इंटेलिजे, तेही हक्काच्या आवृत्तीवर थांबलेलं. वेबच्या चौघांना व्हीएस कोड, मॅन्युअल अपडेट. सर्व्हरवर व्हिम, सगळ्यांची एकच सेटिंगची फाइल. अपडेटचा दिवस महिन्यातला पहिला बुधवार. आधी एकच जण घेतो, दोन दिवस काम करतो, काय हललं ते फळ्यावर लिहितो आणि मग बाकीचे घेतात. या महिन्यात फळ्यावर दोन ओळी होत्या. दुसरी मॅडमनी वाचली, आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली आणि मगच अपडेटचं बटण दाबलं.