‘वय झालंय’ म्हणून न सोडणारं सीनियर चेकअप
घरात 12 वर्षांचा लॅब्रेडॉर कुत्रा आहे, ब्रूनो, आणि 14 वर्षांची मांजर चिंगी. दोघांचं सीनियर चेकअप करून घेतलं त्याचा हा रिव्ह्यू. क्लिनिकचं नाव टाकत नाहीये, कारण तिथे काय काय बघितलं ते जास्त महत्त्वाचं आहे, तेच तुम्ही तुमच्या व्हेटकडे मागू शकता.

आधी जिथे जायचो तिथे काहीही विचारा, उत्तर एकच, वय झालंय आता. चिंगी वाळत चाललेली आणि खायला मात्र सारखी मागायची, तरी तेच. इथल्या मॅडमनी एवढं ऐकल्यावर लगेच थायरॉइडची टी-4 टेस्ट लिहिली, म्हाताऱ्या मांजरीची भूक वाढून वजन घटत असेल तर ही शंका आधी घ्यायची म्हणाल्या, आणि तेच निघालं हो! सोबत किडनी पण तपासली, नुसतं क्रिएटिनिन (किडनीची नेहमीची रक्ततपासणी) नाही तर एसडीएमए (किडनीचा त्रास लवकर दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीसुद्धा, कारण क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. आणि थायरॉइड वाढलेला असतो तेव्हा किडनीचा त्रास रिपोर्टमध्ये झाकला जातो, गोळ्या सुरू झाल्या की वर येऊ शकतो, म्हणून काही आठवड्यांनी परत रक्त तपासायचं हे त्यांनी न विचारता सांगितलं. मला हे फार आवडलं.

बीपी कसं घेतलं ते मुद्दाम लिहिते. चिंगीला कॅरियरमधून ओढून काढलंच नाही, वरचं झाकण काढलं आणि खालच्या भागात तिला तशीच बसू दिली, अंगावर टॉवेल, खोलीत आवाज नाही. ती जरा शांत झाल्यावर पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधला, पहिलं रीडिंग सोडून दिलं आणि नंतरच्या चार-पाच रीडिंगची सरासरी काढली, कारण घाबरलेल्या मांजरीचं बीपी तसंही वर जातं. बीपी खूप वाढलं तर मांजरीच्या डोळ्याचा पडदा सुटून तिची नजर अचानक जाऊ शकते, आणि आमच्या जुन्या ठिकाणी ते कधी मोजलंच नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

ब्रूनोला टेबलावर चढवलं नाही. रबरी मॅटवर चालवलं, बसवून उठायला लावलं, मागच्या मांड्या दोन्ही हातांनी चाचपून कुठली बारीक झालीये ते बघितलं. सांधेदुखी आहेच. पण कार्प्रोफेन (कुत्र्यांची सांधेदुखीची गोळी) द्यायच्या आधी लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघितले, आणि माणसांची पेनकिलर अजिबात द्यायची नाही हे दोनदा बजावलं. (मांजरीला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते, प्लीज लक्षात ठेवा.) डोळे निळसर दिसतात तो मोतीबिंदू नाही, वयाने भिंग घट्ट होतं म्हणे, त्याने नजर फारशी जात नाही. पोटाजवळच्या गाठीत सुई घालून तपासलं, चरबीची निघाली. नुसतं हाताला मऊ लागतंय म्हणून सोडून दिलं नाही ते बरं केलं, कारण हाताने खात्री होत नाही.

अजून एक, घरचे व्हिडिओ आणायला सांगितले होते. चिंगी सोफ्यावर कशी चढते, ब्रूनो जिन्यावर कसा पाय टाकतो, रात्री उठून भिंतीकडे बघत उभा राहतो का. दुखणाऱ्या मांजरी सहसा लंगडत नाहीत, उडी मारणं सोडून देतात, ते क्लिनिकमध्ये दिसणार कसं!

खटकलं ते पण सांगते. कुत्री-मांजरं एकाच वेटिंगमध्ये, चिंगी तिथेच अर्धी घाबरली. अपॉइंटमेंट असून ताटकळलो. दातांच्या सफाईला भूल द्यावी लागेल आणि नुसतं वय जास्त आहे म्हणून भूल टाळायची नसते हे पटलं, पण भुलीआधीच्या तपासण्या आणि धोका याबद्दल रिसेप्शनवरच्या मुलीने घाईघाईत सांगितलं, ते डॉक्टरांनी बसून सांगायला हवं होतं. आणि रात्रीची इमर्जन्सी ते घेत नाहीत, म्हणजे किडनीचा किंवा हार्टचा पेशंट घरी असेल तर रात्रीसाठी दुसरं हॉस्पिटल आधीच बघून ठेवावं लागेल.

तरी आम्ही दर सहा महिन्यांनी इथेच येणार, ब्रूनोची पुढची तारीख घेऊनच बाहेर पडलो.