लिव्हरसाठी नाव कुठे घालावं: मुंबईत की पुण्यात?

दादाचं लिव्हर निकामी झालं तेव्हा घरातल्या कुणाच्याच लिव्हरचा भाग चालेना. माझा रक्तगट जुळला, पण सोनोग्राफीत माझंच लिव्हर फॅटी निघालं. मग मेंदूमृत दात्याची वाट पाहणं आलं, आणि सातारकरांना पडतो तो प्रश्नही: नाव मुंबईत घालायचं की पुण्यात? एका वेळी एकाच रुग्णालयात नाव ठेवता येतं. आम्ही आधी मुंबईत घातलं, नंतर पुण्याला हलवलं.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय समित्या अवयवांचं वाटप पाहतात. दात्याचं लिव्हर आधी त्याच विभागात विचारलं जातं. तिथे जुळणारा पेशंट नसेल तरच बाहेर जातं. म्हणजे नाव जिथे घालाल, तिथलेच दाते प्रामुख्याने तुमच्या वाट्याचे. २०२३ मध्ये केंद्राने रहिवासी दाखल्याची अट काढली, त्यामुळे चेन्नई-हैदराबादचाही सल्ला मिळतो. आम्ही तिकडे वळलो नाही, आणि त्याचं कारण अंतरच.

मुंबईचं पारडं आधी जड वाटतं, आणि ते उगीच नाही. रुग्णालयं जास्त, अनुभवी टीम जास्त, दाते जास्त. पण रांगेतली नावंही तितकीच जास्त. मुंबईत आम्हाला भेटलेले डॉक्टर उत्तम होते, त्यांच्याविषयी तक्रार नाही.

आमचा निर्णय फिरला तो स्टँडबायच्या फोनमुळे. एका लिव्हरसाठी पहिल्या पेशंटसोबत दुसऱ्यालाही बोलावून ठेवतात, कारण पहिल्याला ऐनवेळी ताप निघू शकतो. फोन आला की त्या क्षणापासून उपाशी राहायचं आणि निघायचं. किडनी दिवसभर टिकते, लिव्हरच्या हाताशी जेमतेम आठ ते बारा तास असतात.

पहिला फोन रात्री पावणेअकराला आला. दादाच्या पोटात पाणी धरलेलं, सीटबेल्ट लागेना. त्यात लॅक्टुलोज हे पोट साफ ठेवणारं औषध चालू, म्हणजे दर अर्ध्या-पाऊण तासाला गाडी थांबवायची. खंबाटकी ओलांडली, पुण्याचा बायपास संपला, आणि बोरघाटात ट्रक बंद पडलेला. वहिनीने गाडीच्या दोन दारांना चादर बांधून त्याच्यासाठी रस्त्याकडेला आडोसा केला. पहाटे पोहोचलो, रक्त दिलं, तीन तास बसलो. मग कोऑर्डिनेटर ताई म्हणाल्या, बायोप्सीत चरबी जास्त निघाली, लिव्हर घेता येणार नाही. दुसऱ्या वेळी लिव्हर चांगलं होतं, ते पहिल्या पेशंटला लागलं. तो माणूस बरा व्हावा असंच वाटलं, पण परतीच्या अडीचशे किलोमीटरांत दादा एक शब्द बोलला नाही. पुढचे चार दिवस तो अंथरुणातून उठला नाही.

स्टँडबाय पुण्यातही असतोच. तिथूनही एकदा रिकाम्या हाताने परतलो, पण सकाळी साडेसहाला घरी होतो आणि दादाने पेज घेतली. शिवाय मेल्ड स्कोअरसाठी, म्हणजे लिव्हर किती बिघडलंय ते दाखवणाऱ्या आणि रांगेतली जागा ठरवणाऱ्या आकड्यासाठी, बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआरचे ताजे रिपोर्ट पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. पुण्याला ते अर्ध्या दिवसाचं काम; मुंबईला जायचं तर आम्ही आठवडा आठवडा ढकलायचो. या आजारात आठवड्यात आकडे बदलतात आणि रांगेतली जागाही.

विभाग ठरला तरी रुग्णालय निवडायचं राहतंच. दाता ज्या रुग्णालयात असतो तिथे प्रत्यारोपण होत असेल, तर लिव्हरवर सहसा त्यांच्याच पेशंटचा पहिला हक्क असतो. म्हणून सक्सेस रेटच्या आधी हे विचारा: गेल्या वर्षी तुमच्या स्वतःच्या आयसीयूतून किती अवयवदानं झाली? आम्हाला हा प्रश्न वॉर्डातल्या एका पेशंटच्या वडिलांनी शिकवला.

तुमचं घर पनवेल किंवा अलिबागला असेल तर माझं गणित कदाचित उलटं होईल. तेव्हा मुंबईच बरी. अचानक लिव्हर फेल झालं असेल तर निवडत बसू नका, जवळचं प्रत्यारोपण केंद्र गाठा, कारण तो पेशंट तातडीच्या यादीत सगळ्यांच्या आधी येतो. पण कऱ्हाड, सांगली, कोल्हापूरकडच्यांनी मला विचारलं तर मी पुणे म्हणतो. दादाला चौथ्या फोनला लिव्हर मिळालं. त्या रात्री साताऱ्यातून निघाल्यापासून दोन तासांच्या आत तो वॉर्डात होता, आणि वाटेत गाडी एकदाच थांबवावी लागली.