सामायिक रजिस्टरला हात लावताना: आयओरीमॅप, सिसकॉन की मालक ड्रायव्हर?

लिनक्सचा ड्रायव्हर लिहिताना एका रजिस्टरमधले (चिपच्या सेटिंग ठेवणाऱ्या छोट्या जागेतले) काही बिट आपले आणि उरलेले दुसऱ्या ड्रायव्हरचे, अशी वेळ आली की तीन वाटा दिसतात.

पहिली, त्या रजिस्टरचा पत्ता थेट आयओरीमॅप करण्याची, म्हणजे तो कर्नलच्या मेमरीत जोडून घेऊन स्वतःच लिहिण्याची. कोड छोटा होतो, टेबलावर चालतोही. पण रजिस्टर वाचून, बदलून परत लिहिण्याच्या मधल्या क्षणी दुसऱ्या कोअरवरून कुणी लिहिलं, तर त्याचा बदल पुसला जातो. असा दोष पुन्हा घडवून दाखवणं महाकठीण. मेमरीचा पट्टा रीतसर राखायला गेलात तर दुसऱ्या ड्रायव्हरला बिझीचा एरर येतो, म्हणून लोक राखणंच गाळतात. ही वाट घेऊ नका.

दुसरी वाट सिसकॉनची, म्हणजे एका ब्लॉकमधली रजिस्टरं अनेक ड्रायव्हरांना वाटून देणाऱ्या कर्नलच्या सोयीची. तो कर्नल 3.7 मध्ये, म्हणजे 2012 साली आला. डिव्हाइस ट्रीमधल्या (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधल्या) फँडलवरून, म्हणजे त्या ब्लॉककडे बोट दाखवणाऱ्या खुणेवरून, सगळ्यांना एकच रेगमॅप (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याचा सामायिक मार्ग) मिळतो आणि 'अपडेट बिट्स' कॉल लॉक धरूनच बदल करतो. मालक ड्रायव्हर, म्हणजे ज्याचा तो ब्लॉक आहे तो, प्रोब होण्याची (कर्नलने त्याला हार्डवेअरशी जोडून सुरू करण्याची) वाट पाहावी लागत नाही, ही मोठी सोय. मात्र यात कुलूप आहे, मालक नाही: हातात रेगमॅप आला की त्या ब्लॉकमधलं कुठलंही रजिस्टर लिहिता येतं.

म्हणून मला तिसरी वाट, मालक ड्रायव्हरच पटतो. ऑलविनरच्या आर40 चिपवर इथरनेटचं एक रजिस्टर क्लॉक युनिटच्या ब्लॉकमध्ये आहे. तिथे क्लॉक ड्रायव्हर एक रेगमॅप देतो, ज्यातून तेवढं एकच रजिस्टर लिहिता येतं, बाकीच्यांना नकार. इथरनेट ड्रायव्हरला त्यासाठी प्रोब पुढे ढकलावा लागू शकतो, पण ती किंमत परवडते. बिट क्लॉक, रीसेट किंवा पिनमक्सचे (चिपच्या पिनचं काम निवडण्याचे) असतील तर थेट कर्नलच्या त्या-त्या फ्रेमवर्कमधूनच जा. क्लॉकचा बिट परस्पर बंद केलात तर वापरकर्त्यांची मोजणी चुकते आणि दुसऱ्याचंच यंत्र बंद पडतं.

एकाकी, कुठल्याच फ्रेमवर्कमध्ये न बसणाऱ्या बिटांसाठी सिसकॉन खुशाल वापरा. रॉकचिपच्या चिपवरच्या जीआरएफमध्ये (किरकोळ सेटिंगच्या रजिस्टरांच्या ब्लॉकमध्ये) तर बहुतेक रजिस्टरांचे वरचे 16 बिट हे खालच्या 16 बिटांसाठी लेखनाची परवानगी असतात, त्यामुळे आधी वाचावंच लागत नाही. याउलट तेच रजिस्टर दुसरा प्रोसेसरही लिहीत असेल, तर कर्नलचा स्पिनलॉक (मेमरीतलं कुलूप) त्याला दिसत नाही. तिथे हार्डवेअर स्पिनलॉक, म्हणजे दोन्ही प्रोसेसरना दिसणारं चिपमधलंच कुलूप हवं.