गणपतीच्या आधी सोफा धुवायला येणाऱ्यांपासून सांभाळा

रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा ह्या पट्ट्यातल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण ही माणसं बरोबर श्रावणात फिरतात, चाकरमानी यायचे असतात, घराची साफसफाई चालू असते आणि सोफ्याला कुबट वास मारत असतो, आमच्या सोफ्यावर तर बोक्याने पण एकदा कार्यक्रम केलेला.

एका सीटचे 299 असं सांगून दोघं आले. आल्या आल्या सोफ्याला एक मीटर टेकवलं, ते पीं पीं वाजलं, लाल दिवा लागला, म्हणे बघा किती बॅक्टेरिया आहेत, घरात म्हातारं माणूस आहे ना तुमच्या? सासूबाई समोरच बसलेल्या, त्या घाबरल्याच. नंतर कळलं की ते लाकडातला ओलावा मोजायचं मीटर असतं, बॅक्टेरियाशी त्याचा काही संबंध नाही, पावसाळ्यात आमच्या दाराला लावलं असतं तरी लालच झालं असतं. मग अँटीफंगल वेगळं, सॅनिटायझेशन वेगळं, "जर्मन केमिकल" वेगळं असं करत करत बिल गेलं 4,600 वर. बिल म्हणजे तोंडीच, कागद नाहीच, आणि पैसे कुठल्यातरी बाईच्या यूपीआयवर.

काम काय केलं तर शॅम्पूचं पाणी भसाभस ओतून ब्रश मारला, व्हॅक्यूम वरच्यावर फिरवला आणि शेवटी मोगऱ्याचा कसलासा स्प्रे. शिवाय खोलीचं दार लावून ओझोन नावाचा वायू सोडणारं एक मशीन लावलं अर्धा तास. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो आणि माणसाला चालेल एवढ्या कमी प्रमाणात त्याने बुरशी मरत पण नाही. सासूबाई त्या रात्री नुसत्या खोकत होत्या.

त्या दिवशी घर काय सुंदर वास मारत होतं! सगळी मेख तिथेच आहे, कारण त्या वासावरच आपण पैसे देतो. मोगरा उडाला आणि खालून असा वास आला की ओलं पोतं बरं. फोन केला तर आधी "मॅडम सुकू द्या", मग बंद.

शेवटी आमच्या इथल्या सोफेवाल्याला बोलावलं, त्याने खालचं काळं कापड फाडून दाखवलं, फोम पिळला तर पाणी, प्लायवर बुरशी. म्हणाला, "वयनी, त्यानं धुतलान नाय, भिजवलान." फोम एक-दोन दिवसांत आतपर्यंत सुकला नाही तर बुरशी धरतेच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवाच एवढी दमट की पंखा लावून तरी किती सुकणार. फोम बदलावा लागला, त्याचे पैसे परत वेगळे. बोक्याचं म्हणाल तर मुतातलं युरिक अॅसिड साध्या पाण्याने जात नाही, खडे होऊन राहतं आणि हवा दमट झाली की परत वास, त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, आणि ते पण जिथे झिरपलंय तिथपर्यंत पोचायला हवं, वरवर पुसून उपयोग नाही.

पावसाळ्यात कोणालाही सोफ्यावर पाणी ओतू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा, हलका वास असेल तर कमी होतो, बुरशीवर मात्र तो उपाय नाही. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि धुवायचाच असेल तर ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर. पैसे सगळे त्याच दिवशी देऊ नका, अर्धे आठवड्याने देतो म्हणा, खरं काम करणारा तयार होतो, आमच्या सोफेवाल्याने स्वतःच तसं सांगितलं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकलीय. हातात फक्त पेमेंटचा स्क्रीनशॉट आहे, तेव्हा ज्यांच्याकडे असे येऊन गेलेत त्यांनी आपापले स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं डिलीट करू नका.